कोमट पाण्यात मासा कुठे असतो?

मे महिन्यात किंवा दिवाळीत पुण्या-मुंबईहून नांदेड-लातूरकडे आलेला गळाचा शौकीन माणूस दोन दिवसांत एक प्रश्न हमखास विचारतो. तळ्यात मासे आहेत हे दिसतंय, मधूनच एखादा सपकन उसळी घेतोय, भोयांच्या जाळ्यात सकाळी भरपूर माल निघतोय. मग आमच्याच गळाला का लागत नाही?

असा माणूस आधी आमिष बदलतो, मग गळ बदलतो, मग जागा. बहुतेक वेळा दोष यांतल्या कशातच नसतो. गळ टाकण्याबद्दल त्यानं जे वाचलेलं किंवा मोबाइलवर पाहिलेलं असतं, ते थंड मुलखातल्या तळ्यांचं असतं. आपल्याकडचं पाणी वर्षातले बरेच महिने 25 अंशांच्या वर असतं. अशा पाण्यात माशाला भुकेच्या आधी श्वासाची सोय पाहावी लागते. त्यामुळे ‘मासा काय खातो?’ हा प्रश्न आपण जरा मागे ठेवू आणि ‘मासा श्वास कुठे घेतो?’ हा आधी घेऊ. पण त्याच्याही अलीकडे एक गोष्ट आहे, ती पाहुण्यानं तळ्यावर पाऊल ठेवण्याआधीच समजून घ्यायला हवी.

1. तळं कोणाचं, मासा कोणाचा?

मराठवाड्यात निसर्गानं दिलेली तळी जवळजवळ नाहीत. खाली काळा पाषाण, वर काळी माती आणि पाऊस चार महिन्यांचा. पाणी थांबवायचं तर बांध घालावाच लागतो. हे काम इथं जुनं आहे. कंधारचा जगत्तुंग सागर राष्ट्रकूटांच्या काळातला मानला जातो. बाकीचं बहुतेक पाणी अलीकडच्या बांधांमागचं. नांदेडला लागून गोदावरीवरचा विष्णुपुरी प्रकल्प आहे, कंधार तालुक्यात बारूळला मन्याड नदीवरचं निम्न मानार धरण आहे आणि त्याच नदीवर लिंबोटी आहे. लातूरकडे रेणा, तिरू, घरणी, तावरजा, साकोळ, मसलगा हे मध्यम प्रकल्प आहेत. लातूर शहराला पाणी देणारं मांजरा धरण मात्र बीड जिल्ह्यात, केज तालुक्यातल्या धनेगावला आहे. शिवाय गावोगावचे पाझर तलाव आणि साठवण तलाव आहेतच.

तळी माणसानं बांधली, तसे त्यांतले बरेचसे मासेही माणसानंच सोडले आहेत. कटला, रोहू आणि मृगळ हे मासे पूर आलेल्या वाहत्या नदीत अंडी घालतात. साचलेल्या पाण्यात ते झकास वाढतात, पण सहसा विणत नाहीत. म्हणून पूर्वी यांचं बीज नदीतून गोळा करून आणावं लागे. 1957 साली ओडिशात डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखाली असलेल्या पियुषिका ग्रंथीचा अर्क मादीला टोचून बंदिस्त पाण्यातच अंडी घालवून घेण्यात यश मिळवलं. 10 जुलै हा दिवस देशभर मत्स्य शेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळतात तो याच कामाची आठवण म्हणून. आज बीज केंद्रात अंड्यांतून जिरे निघतात, जिऱ्यांची बोटुकली होते, आणि ती पोत्यांत नव्हे तर प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून तळ्यावर येते.

हे सगळं पैसे मोजून होतं. जलाशय पाटबंधारे खात्याचा असला तरी त्यात मासेमारी करण्याचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग देतो आणि तो बहुतेक ठिकाणी स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्या संस्थेचे सभासद म्हणजे भोई आणि कोळी समाजातली, पिढ्यान् पिढ्या हेच काम करणारी कुटुंबं. त्यांनी बोटुकलीचे पैसे भरलेले असतात, रात्री राखण केलेली असते. तुमचा छंद त्यांच्या उभ्या पिकात चालणार आहे, हे मनात पक्कं असू द्या.

परवानगी मागणं अवघड नाही. काठावर जाळं विणत बसलेल्या माणसाजवळ जावं, रामराम करावा, ‘मामा, इथला ठेका कोणाकडं आहे? गळ टाकून बसलो तर चालेल का?’ एवढं विचारावं. बहुतेक वेळा संस्थेच्या अध्यक्षांचा फोन मिळतो. किती मासे नेणार, काय द्यायचं, हे आधीच बोलून घ्यावं. मोठ्या जलाशयावर धरणाच्या भिंतीपाशी आणि दरवाजांपाशी जायला मनाई असते, तिथं हट्ट करू नये. जिल्ह्याच्या ठिकाणी मत्स्यव्यवसाय विभागाचे सहाय्यक आयुक्त बसतात. कोणता तलाव कोणाकडे आहे ते त्यांच्या कार्यालयात कळतं. नांदेडच्या गोदावरीच्या घाटांवर, जिथं भाविक स्नानाला येतात, तिथं गळ काढूच नये.

ही विचारपूस करण्याचा दुसरा फायदा असा, की मासा किती मोठा मिळेल ते आधीच कळतं. 2016 च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सर्वांना आठवत असेल. आता हिशेब करा. एखादं तळं त्या मे महिन्यात पूर्ण आटलं, पावसाळ्यात भरलं आणि ऑगस्टमध्ये त्यात बोटुकली सोडली. पुढच्या ऑगस्टमध्ये त्यातला रोहू वर्षाचा झाला. खाणं बरं मिळालं असेल तर वजन किलोच्या आसपास. अशा तळ्यावर आठ किलोच्या कटल्याची वाट पाहत जाड दोरी आणि मोठा गळ लावून बसण्यात अर्थ नाही. म्हणून काठावरच्या माणसाला विचारायचे प्रश्न दोनच: तळं शेवटचं कधी आटलं, आणि बीज कधी सोडलं?

2. पाणी तापलं की श्वास महाग होतो

मासा कल्ल्यांतून पाणी काढतो आणि त्यात विरघळलेला प्राणवायू घेतो. हा प्राणवायू फार थोडा असतो आणि पाणी जितकं गरम, तितका तो कमी विरघळतो. एक लिटर पाण्यात 20 अंशांना जास्तीत जास्त सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. 30 अंशांना साडेसात. लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. तिथं हवेचा दाब थोडा कमी, म्हणून नऊचे साधारण साडेआठ आणि साडेसातचे जेमतेम सात धरा.

पुरवठा साडेआठवरून सातवर आला, एवढंच असतं तर फार बिघडलं नसतं. पण माशाचं रक्त थंड. त्याचं शरीर पाण्याइतकंच तापतं. पाणी 10 अंशांनी तापलं की त्याच्या शरीरातल्या घडामोडींचा वेग साधारण दुप्पट होतो आणि प्राणवायूची गरजही तितकीच वाढते. 20 अंशांना गरज एक मानली तर 30 अंशांना ती दोन. आधी एका वाट्यामागे साडेआठ मिलिग्रॅम होते, आता दोन वाट्यांमागे सात, म्हणजे एकामागे साडेतीन. माशाची सोय निम्म्याहूनही खाली आली.

याचे दोन परिणाम होतात आणि दोन्ही गळ टाकणाऱ्याच्या कामाचे आहेत. पहिला असा, की गरम पाण्यातल्या माशाला भूक जास्त लागते, कारण शरीराचा खर्च वाढलेला असतो. दुसरा असा, की पचनालाही प्राणवायू लागतो, म्हणून पुरेसा श्वास मिळत नसेल तर तो भूक असूनही तोंड उघडत नाही. कटला-रोहूच्या जातीचे मासे साधारण 5 मिलिग्रॅमच्या वर मोकळेपणानं खातात. 3 च्या खाली गेलं की अन्न सोडतात आणि जिथं श्वास बरा मिळेल तिकडे सरकतात. मे महिन्यातल्या लग्नात मांडव कितीही मोठा असो, पाहुणे जसे कूलरच्या झोतात दाटून बसतात, तसे मासेही उन्हाळी तळ्यात काही ठरावीक जागी गोळा होतात. बाकीचं तळं त्या वेळी रिकामं असतं. गळ टाकणाऱ्याचं खरं काम ती जागा आणि ती वेळ शोधणं हे आहे.

3. पहाटेचा नियम इथं कधी मोडतो

‘पहाटे मासा खातो’ असं सगळीकडे सांगतात. मोठ्या, स्वच्छ पाण्याच्या जलाशयावर, म्हणजे विष्णुपुरीचा फुगवटा किंवा पेनगंगेवरच्या इसापूरसारख्या विस्तीर्ण धरणावर, ते बरोबरही आहे. गावच्या हिरव्या तळ्यावर मात्र उन्हाळ्यातली पहाट ही दिवसातली सर्वांत वाईट वेळ असू शकते.

कारण शेवाळात आहे. तळ्याचं पाणी हिरवं दिसतं ते त्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींमुळे. दिवसा ऊन असेपर्यंत त्या प्राणवायू तयार करतात. दुपारी तीन-चारच्या सुमाराला तो सर्वांत जास्त असतो. सूर्य मावळला की निर्मिती बंद, पण श्वास घेणं चालूच. रात्रभर मासे, किडे, तळाचा कुजका पाला आणि त्या वनस्पती स्वतः, सगळे मिळून साठा संपवत राहतात. सूर्योदयाच्या थोडं आधी तो तळाला पोचतो. त्या वेळी अशा तळ्यावर गेलात तर मासे पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसतील. नवखा माणूस म्हणतो, ‘केवढे मासे खायला वर आलेत!’ ते खायला आलेले नसतात. हवेला चिकटलेल्या वरच्या पातळ थरातून श्वास ओढत असतात. त्यांच्या तोंडासमोर पेढा धरला तरी ते घेणार नाहीत.

आदल्या दिवशी ढगाळ हवा असेल तर हा त्रास आणखी वाढतो, कारण उन्हाअभावी दिवसाचा साठाच कमी झालेला असतो. मासे असे तोंड वर करून गोल फिरताना दिसले, तर गळ बाजूला ठेवून आधी संस्थेच्या माणसाला फोन करा. वेळेवर कळलं तर मोटारीनं पाणी उडवून किंवा ताजं पाणी सोडून त्यांचं वर्षाचं पीक वाचू शकतं. त्यांचा माल तडफडत असताना शेजारी गळ टाकून बसणं मला तरी शोभत नाही.

मग तळं या जातीचं आहे की नाही, हे ओळखायचं कसं? घरातली एक लहान स्टीलची ताटली घ्या, मधोमध भोक पाडून दोरी बांधा, दोरीवर वीतभर अंतरानं गाठी मारा. ऊन असताना काठावरून किंवा बांधावरून ताटली पाण्यात सोडा आणि ती दिसेनाशी होते ती खोली मोजा. पाणी हिरवं असून ताटली वीतभराच्या आत गडप झाली, तर शेवाळ दाट आहे. अशा तळ्यावर पहाटेचा मोह सोडा. सकाळी ऊन अंगाला लागायला लागलं की, साधारण साडेआठनंतर तास-दोन तास बसा, आणि खरी बैठक संध्याकाळी पाच ते अंधार पडेपर्यंत करा. ताटली दोन-तीन वितांपर्यंत दिसत राहिली तर पहाटेही जायला हरकत नाही.

एक सावधगिरी. काळ्या मातीच्या मुलखात पाणी पुष्कळदा शेवाळानं नव्हे तर बारीक चिकणमातीनं गढूळ असतं. तेव्हा रंग हिरवा नसतो, चहासारखा किंवा राखाडी असतो. ताटली तिथंही लवकर गडप होते, पण कारण वेगळं. अशा गढूळ पाण्यात माशाला दिसत कमी, म्हणून आमिषाला वास हवा. तो भाग पुढे येतोच आहे.

4. वारा तोंडावर घ्या

पाहुणा माणूस सावलीची आणि वाऱ्याकडे पाठ करून बसता येईल अशी जागा शोधतो. माशाला नेमकी उलट जागा हवी असते. वारा पाण्यावरून वाहतो तेव्हा लाटा उठतात, लाटांत हवा मिसळते आणि पाण्यावर तरंगणारं खाद्य वाऱ्याच्या दिशेनं सरकत पलीकडच्या काठाला जाऊन साठतं. वारा पश्चिमेकडून येत असेल तर पूर्वेच्या काठावर, पश्चिमेला तोंड करून बसा. गळ फेकायला त्रास होतो, डोळ्यांत धूळ जाते, पण मासा तिथंच असतो. धरणाच्या भिंतीच्या पाण्याकडच्या बाजूला दगड रचलेले असतात. त्या दगडांवर लाटा आपटत असतील तर, आणि तिथं बसण्याची मुभा असेल तर, त्याहून चांगली जागा उन्हाळ्यात सापडणं कठीण.

खोल पाण्यात जास्त गारवा, म्हणून दुपारी मासा तळाशी जात असेल, असंही वाटतं. अर्धवट खरं आहे. उन्हाळ्यात वरचं तापलेलं पाणी हलकं होऊन वरच तरंगत राहतं आणि तळाचं गार पाणी खालीच अडकून पडतं. त्या खालच्या थराला हवा मिळत नाही. तळाच्या कुजणाऱ्या गाळानं त्यातला प्राणवायू खाऊन टाकलेला असतो. मासा म्हणून मधल्या पाण्यात थांबतो: वरच्या उन्हापासून थोडा खाली, तळाच्या कोंडलेल्या पाण्यापासून बराच वर. वीस फूट खोल पाण्यात आमिष थेट तळाला टाकून दुपार घालवण्यापेक्षा सहा-आठ फुटांवर लटकवून पाहा.

5. तोंड पाहा, खोली ठरवा

बाजारात जाऊन मासे पाहिले तर अर्धं शिक्षण तिथंच होतं. नांदेड किंवा लातूरच्या मासळी बाजारात कटला, रोहू आणि मृगळ शेजारी शेजारी मांडलेले असतात. कटल्याचं डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं. तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव खातो. रोहूचं तोंड समोर, किंचित खाली, ओठांना झालर. तो मधल्या थरात वनस्पती आणि शेवाळ खरवडून खातो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं. त्याचं जेवण तळाच्या गाळात. संस्था बीज सोडताना हे तिघे मिळून सोडतात ते याचसाठी, की एकाच तळ्यातल्या तीन मजल्यांचं अन्न वापरलं जावं.

समजा पाणी दहा फूट आहे. तरंगा अशा बेतानं बांधा, की कटल्यासाठी गळ दोन ते तीन फुटांवर राहील, रोहूसाठी पाच-सहा फुटांवर आणि मृगळासाठी आमिष जेमतेम तळाला टेकेल. एका जागी अर्धा तास काही झालं नाही तर आमिष बदलण्याआधी खोली बदला.

यांच्याबरोबर चार परदेशी पाहुणेही असतात. सायप्रिनस तळ उकरतो आणि गळाला चांगला लागतो. गवत्या नावाप्रमाणे गवत खातो. कोवळा लसूणघास किंवा पाण्यातलं गवत गळाला लावलं तर घेतो. चंदेरा मात्र पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म खाद्य पोटात घेतो. त्याच्यामागे साध्या गळानं लागू नका. गवत्या आणि चंदेरा हे दोघे भारतात 1959 साली आले. त्याआधी 1952 मध्ये आलेला चिलापी, म्हणजेच तिलापिया, सोडावा लागत नाही; तो तळ्यातच भराभर विणतो. लहान मुलांना गळ शिकवायचा असेल तर चिलापीसारखा गुरू नाही. लहान गळ, गांडुळाचा तुकडा, काठालगत तीन फूट पाणी. मुलांचा उत्साह टिकतो.

आणि मग मरळ. आतापर्यंत सांगितलेले श्वासाचे सगळे नियम हा मासा मोडतो, कारण त्याला पाण्याबाहेरची हवा थेट घेता येते. डोक्यात कल्ल्यांच्या वर त्याला एक खास पोकळी असते. दर थोड्या वेळानं तो वर येऊन हवेचा घोट घेतो. त्यामुळे तळं तापलेलं, हिरवं, अर्धं आटलेलं असलं तरी मरळ मजेत असतो. कटला-रोहू दुपारी दमलेले असताना हा कमळाच्या पानांखाली, बेशरमाच्या झुडपांत, लव्हाळ्यात दबा धरून बसतो. मे महिन्याच्या टळटळीत दुपारी मी कोणाला गळ टाकायला सांगेन तर फक्त मरळासाठी. जिवंत छोटी मासोळी किंवा बेडकासारखं रबरी आमिष पानांच्या कडेनं ओढत आणा. एक अट: पावसाळ्याच्या सुमाराला मरळाची जोडी लालसर पिल्लांचा घोळका सांभाळत फिरताना दिसते. त्या वेळी ती जोडी धरू नका. आईबाप गेले की पिल्लं काही तासांत दुसऱ्या माशांच्या पोटात जातात.

हवेत श्वास घेणारे दुसरे दोघे म्हणजे शिंगी आणि मांगूर. शिंगीच्या छातीजवळच्या काट्यांत विष असतं. ती उघड्या हातानं धरायची नाही. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा, वेदना कमी होतात, आणि मग दवाखाना गाठावा. सरकारनं बंदी घातलेला थाई मांगूर कुठल्या तळ्यात लागला तर तो परत पाण्यात सोडू नका. तो बाकीचं सगळं खाऊन टाकतो.

6. पेंड, कणीक आणि कल्याणीचा राजा

आमिषासाठी मुंबईहून महागड्या पुड्या आणायची गरज नाही. सोडलेल्या माशांना अनेक ठिकाणी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा खायला घालतात. त्यांची जीभ त्याच चवीवर वाढलेली असते. लातूर ही सोयाबीनची मोठी बाजारपेठ, तिथं सोयापेंडही सहज मिळते. पाव किलो शेंगदाणा पेंड कुटून चाळा, तेवढंच गव्हाचं पीठ मिसळा, थोडी भाजलेली बडीशेप किंवा चिमूटभर हिंग घाला आणि घट्ट मळा. चाचणी सोपी आहे: लिंबाएवढा गोळा तांब्याभर पाण्यात टाका. पाच मिनिटांत विरघळला तर पीठ कमी पडलं. अर्ध्या तासानंतरही दगडासारखा राहिला तर जास्त झालं. कडेनं हळूहळू कण सुटत राहिले पाहिजेत. गढूळ पाण्यात हा सुटणारा वासच माशाला गळापर्यंत आणतो.

गळ टाकण्याआधी जागा चारून घेणं ही दुसरी महत्त्वाची गोष्ट. पेंड आणि कोंड्याचे चार-पाच गोळे एकाच जागी टाका आणि तासभर थांबा. गरम पाण्यात जास्त चारा टाकण्याची चूक मात्र करू नका; न खाल्लेला चारा कुजतो आणि कुजताना नेमका तोच प्राणवायू खातो, ज्याच्यासाठी आपण एवढी जागा शोधली.

ही चारून घेण्याची युक्ती या मातीत किती जुनी आहे, हे पाहून मला नेहमी आनंद होतो. लातूरहून दक्षिणेला, सीमेपलीकडे बिदर जिल्ह्यात बसवकल्याण आहे. ती चालुक्यांची राजधानी कल्याणी. तिथला राजा तिसरा सोमेश्वर यानं बाराव्या शतकात, 1130 च्या आसपास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजानं मन कशात रमवावं हे सांगताना त्यानं ‘मत्स्यविनोद’ नावाचा एक भाग घातला आहे. त्यात सुमारे 35 प्रकारच्या माशांची नावं आहेत. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय चारावं, काठी आणि दोरी कशी असावी, गळाला काय लावावं, सगळं आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 साली या भागाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा जाणकारांचं त्याकडे लक्ष गेलं. गळ टाकण्याचा छंद साहेबांबरोबर आला असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारच्या गावात बसून एका राजानं हा विषय पद्धतशीर मांडला होता.

सामानाबद्दल थोडक्यात. किलो-दोन किलोच्या माशांसाठी सात-आठ फुटी मध्यम रॉड, साधं फिरकीचं रील आणि दहा-बारा पौंडी तंगूस पुरे. बांबूची काठी आणि पिसाचा तरंगाही तितकेच मासे धरतात. भोयांची जाळी जिथं लावलेली असतात तिथून लांब बसा. जाळ्यात गळ अडकला तर ओढून फाडू नका, माणसाला हाक मारा.

7. आटलेल्या तळ्यात फिरून या

वर्षातला कोणता काळ चांगला? ऑक्टोबर ते डिसेंबर आणि फेब्रुवारी-मार्च. तळी भरलेली असतात, पाणी फार तापलेलं नसतं, दिवसभरात कधीही बसलं तरी चालतं. थंडीच्या ऐन कडाक्यात मासा मंदावतो. तेव्हा दुपार धरावी. जून-जुलैत पहिल्या पुराबरोबर मासे ओढ्या-नाल्यांतून वर चढतात. या चढणीच्या माशांच्या पोटात गाबोळी असते. काठ्या आणि टोपल्या घेऊन त्यांना धरायची पद्धत जुनी असली, तरी पुढच्या वर्षीचा मासा तिथंच संपतो. पाहुण्यानं तरी त्यात हात घालू नये.

मे महिना गळासाठी कठीण, पण शिकण्यासाठी सोन्यासारखा. जलाशयाचं पाणी मागे हटतं आणि तळाची जमीन उघडी पडते. तिथं शेतकरी गाळपेर करतात. ओलाव्यावर भाजीपाला, वैरण, कलिंगडं घेतात. मोबाइल घेऊन या उघड्या बुडीत क्षेत्रात फिरा. जुन्या ओढ्याचं पात्र कुठून जातं, जुन्या रस्त्याचा भराव कुठे आहे, बुडालेल्या विहिरीचं कडं, बाभळीची खोडं, दगडी बांध: प्रत्येक ठिकाणाचा फोटो काढा आणि नकाशावर खूण करा. पावसाळ्यानंतर हे सगळं पाण्याखाली जाईल. गाळपेरीच्या पिकाची धाटं कुजताना त्यांच्यावर किडे आणि शेवाळ वाढतं, आणि मासे तिथं चरायला येतात. ओढ्याच्या जुन्या पात्राच्या कडा हा त्यांचा जाण्यायेण्याचा मार्ग होतो. दिवाळीला परत याल तेव्हा काठावरच्या इतर कोणालाही न दिसणारा तळ तुमच्याजवळ असेल. विहिरींच्या खुणा स्वतःच्या जिवासाठीही हव्यात.

8. मासा हाती आल्यावर, आणि जीव सांभाळताना

लहान मासा परत सोडायचा असेल तर गरम पाण्यात तो आधीच दमलेला असतो, हे ध्यानात घ्या. त्याच्याशी फार वेळ खेळू नका. हात ओले करा. कोरड्या हातानं त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथं रोग धरतो. गळ पाण्यातच सोडवा. मग त्याला तोंड पुढे करून पाण्यात सरळ धरा, कल्ले नीट हलू लागले आणि त्यानं स्वतःहून शेपटी मारली की हात सैल करा. खायला न्यायचा असेल तर लगेच मारून बर्फात ठेवा. चाळीस अंशांत तासभर पिशवीत राहिलेला मासा घरी नेण्यालायक राहत नाही.

काळ्या मातीचा गाळ वरून सुकलेला दिसतो आणि पाय ठेवला की मांडीपर्यंत ओढतो. पाणी मागे हटलेल्या काठावर काठीनं चाचपल्याशिवाय पाऊल टाकू नये, एकट्यानं तर नाहीच. मासा अडकला म्हणून दोरी सोडवायला पाण्यात उतरू नये. गळ वीस रुपयांचा असतो. नदीवरच्या प्रकल्पाच्या खालच्या बाजूला पाणी सोडण्याचा भोंगा वाजला की सामान तिथंच टाकून वर यावं.

एप्रिल ते जून आणि परतीच्या पावसात मराठवाड्यात विजा फार पडतात आणि माणसं दगावतात. उघड्या काठावर उभा असलेला माणूस आजूबाजूला सर्वांत उंच असतो, आणि हातातला कार्बनचा रॉड विजेला वाट देतो. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेनं तयार केलेलं ‘दामिनी’ हे ॲप आसपास पडणाऱ्या विजांची सूचना देतं. ते फोनमध्ये असू द्या. गडगडाट कानावर आला की रॉड आडवा ठेवून निघा, झाडाखाली थांबू नका, गाडीत किंवा पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास गेल्याशिवाय काठावर परतू नका. विजेच्या तारांखालूनही रॉड उभा धरून चालू नका: जलाशयाकडे जाणाऱ्या पाऊलवाटांवर शेतीपंपांच्या तारा पुष्कळदा लोंबलेल्या असतात, म्हणून रॉडचे भाग सुटे करूनच न्यावेत आणि काठावर पोचल्यावर जोडावेत.